बर्फ, पाणी, वाफ आणि पंडिता रमाबाई

शब्बाथ शाळेत मला त्रैक्य शिकवलं गेलं ते स्टीलच्या पेल्यांतून. नगर जिल्ह्यातलं गाव, सगळ्या आळीत फ्रीज एकच. तिथून मागून आणलेला बर्फाचा खडा एका पेल्यात, माठातलं पाणी दुसऱ्यात आणि स्टोव्हवर रटरटणारं पातेलं. बाई म्हणाल्या, "बघा, बर्फ म्हणजे पाणीच आणि वाफ म्हणजेही पाणीच. तसाच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा." मी नऊ वर्षांची. विचारलं, "बाई, येशू यार्देन नदीत उभा होता, वरून कबुतर उतरत होतं आणि आकाशातून बाप बोलत होता. मग एकच पाणी एकाच वेळी बर्फ, पाणी आणि वाफ कसं?" उत्तरादाखल मी वर्गाबाहेर. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले, बशीत ओतून चहा प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण तोंडाळ होणार."

झाले. आणि तोंडाळपणाच्या नादात पुढे चर्चचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की पेल्यांचा तो दृष्टान्त ज्या मताचा, ते मत तिसऱ्या शतकातल्या सबेलियस नावाच्या गृहस्थाचं. देव एकच, पण बहुरूप्यासारखा वेष पालटून कधी बाप, कधी पुत्र, कधी आत्मा होऊन येतो, असं तो म्हणे. रोमच्या बिशपाने त्याला मंडळीबाहेर घातलं. त्याच्यासारख्यांना तर्तुलियनाने जो सवाल केला होता, तोच थोडक्यात माझा: बाप आणि लेक एकमेकांशी बोलतात, मग ते एकच कसे? लॅटिनमध्ये त्रैक्याला शब्द देणारा हाच तर्तुलियन. (पुढे तोही एका वेगळ्या पंथाच्या नादी लागला, ते असो.) म्हणजे त्या दिवशी पाखंड शिकवत होत्या बाई, सनातनी मत मांडत होते मी, आणि बाहेर उभी केली मला.

आजही तेच चाललंय. कुठे अंड्याचा दृष्टान्त: टरफल, पांढरं, पिवळं. म्हणजे प्रत्येकजण एक तृतीयांश देव! कुठे एकच माणूस घरी बाप, बायकोचा नवरा आणि ऑफिसात साहेब. पुन्हा सबेलियस. आमच्या मंडळ्यांत दर रविवारी इतकं पाखंड पिकतं की जुन्या परिषदांचे बिशप कपाळ बडवून घेतील. त्याबद्दल कुणाला कधी जाब विचारल्याचं ऐकलंय? नाही. कारण चर्चला चुकीच्या उत्तराचं वावडं कधीच नव्हतं. वावडं आहे ते प्रश्नाचं. मान खाली घालून चुकीचं मानणारा चालतो. मान वर करून बरोबर विचारणारी चालत नाही.

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला परस्पर एखाद्या पंथात ढकलायला नको. मी दर रविवारी उपासनेला जाते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणते आणि मनापासून म्हणते. माझं भांडण देवाशी नाही, त्याच्या दारवानांशी आहे.

२०२५ साली निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षं झाली. ठिकठिकाणी व्याख्यानं झाली, तिथे ठरलेल्या मतांगीकाराची, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीची, महती गायली गेली. मी ऐकलेल्या एकाही भाषणात ती परिषद बोलावली कुणी हे नीट सांगितलं नाही. बोलावली सम्राट कॉन्स्टंटाइनने, ज्याचा स्वतःचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वांत पहिला, पण निर्माण केलेलाच. परिषदेने ठरवलं की पुत्र पित्याशी एकाच सत्त्वाचा. 'एकाच सत्त्वाचा' हा शब्द बायबलात नाही. बिशपांतल्या बऱ्याच जणांच्या तो घशात अडकत होता. पण बादशहा समोर बसलेला. आमच्याकडे सहकारी साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. मंजूर, मंजूर, मंजूर. सही न करणारे हद्दपार.

पुढची गंमत त्याहून मोठी. काही वर्षांत बादशहाचं मन फिरलं आणि हद्दपार झालेले परत आले. मग निकेयाचा खंदा पुरस्कर्ता अथनासियस हद्दपार झाला. एकदा नव्हे, पाच वेळा, मिळून सतरा वर्षं. आणि ३३७ साली मरणशय्येवर कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसच्या हातून. हा अरियसचा पाठीराखा. निकेयानंतर याच बादशहाने त्याला हद्दपार केलेलं! पुढे ३८० साली थिओडोसियस बादशहाने हुकूम काढून त्रैक्य हा राज्याचा धर्म केला, तेव्हा कुठे 'निर्विवाद' सत्य पक्कं झालं. सत्याला हुकुमाची एवढी गरज का लागली, हे विचारलं की पाळक लोक घड्याळाकडे बघतात.

मध्यंतरीची हजार-बाराशे वर्षं ओलांडते. एकच माणूस सांगून पुढे जाते. मायकेल सर्व्हेटस, स्पॅनिश वैद्य. त्रैक्य बायबलात नाही असं त्याने छापून सांगितलं. फ्रान्सात व्हिएन गावच्या कॅथलिक न्यायपीठातून तो निसटला, म्हणून त्यांनी त्याचा पुतळा जाळला. पळता पळता तो कॅल्व्हिनच्या जिनिव्हात सापडला, आणि २७ ऑक्टोबर १५५३ला तिथे त्याला जिवंत जाळला. कॅथलिकांनी पुतळा जाळला, प्रोटेस्टंटांनी माणूस. आगीत त्याने 'सनातन देवाच्या पुत्रा' अशी येशूला हाक मारली, असं सांगतात. ती 'देवाच्या सनातन पुत्रा' अशी असती तर धर्मशास्त्र शुद्ध ठरलं असतं. एका विशेषणाची जागा चुकली! आम्ही मराठी व्याकरणात याला एक गुण कापतो.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं परदेशातलं, तुमच्या नगरशी याचा काय संबंध? आहे ना. १८०५ साली हार्वर्डमध्ये धर्मशास्त्राच्या अध्यासनावर त्रैक्य न मानणाऱ्या मताचा प्राध्यापक नेमला गेला. चिडून सनातन्यांनी अँडोव्हरला वेगळं विद्यालय काढलं. त्या अँडोव्हरच्या पोरांच्या उत्साहातून अमेरिकन मिशनचं मंडळ उभं राहिलं, आणि त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला उतरले. तेच अमेरिकन मराठी मिशन पुढे १८३१ साली नगरला आलं. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नाळ मॅसॅच्युसेट्समधल्या त्रैक्याच्या भांडणात पुरलेली आहे. आम्हाला सांगितलं मात्र फक्त बर्फ, पाणी, वाफ. आणि त्याच १८१३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने त्रैक्य नाकारणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा रद्द केला, आणि त्याच साली कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली. घरातला धाक सुटला आणि बाहेरचं दार उघडलं, एकाच वर्षी.

बंगालात याचं पहिलं फळ लगेच दिसलं. नव्या कराराचं बंगाली भाषांतर करायला राममोहन रॉय यांच्यासोबत विल्यम अ‍ॅडम नावाचा बॅप्टिस्ट मिशनरी बसला होता. चौथ्या शुभवर्तमानातल्या एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर वाद झाला: सगळं पुत्राने निर्माण केलं की पुत्राच्या द्वारे? त्या वादाअंती १८२१ साली राममोहन ख्रिस्ती झाले नाहीत. अ‍ॅडमच त्रैक्य सोडून बसला. गोऱ्या लोकांनी त्याला 'दुसरा पतित आदाम' म्हणून हिणवलं. राममोहनबाबूंनी सेरामपूरच्या मार्शमन या मिशनऱ्याशी लेखी वाद मांडला, तर मिशनच्या छापखान्याने त्यांचं शेवटचं उत्तर छापायला नकार दिला. त्यांनी आपला छापखाना काढला आणि १८२३ साली ते छापलं.

पण मला ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या आहेत रमाबाई. आमच्या मंडळीत त्यांचा फोटो भिंतीवर आहे, पांढऱ्या लुगड्यातला. केडगाव, मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचवलेल्या बायका-मुली, मराठी बायबलचं भाषांतर, एवढं सगळ्यांना पाठ. १८८५ साल मात्र कुणाला माहीत नाही. माहीत असलं तरी त्यावर कुणी उपदेश करत नाही.

१८८३ साली रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात वाँटेजला सेंट मेरीच्या मठात उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत होत्या. त्यांनी तिथेच जीव दिला. डॉक्टर व्हायचं रमाबाईंचं स्वप्न कानांनी मोडलं. ऐकू कमी येऊ लागलं होतं. २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नाव मेरी रमा. मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या मार्गदर्शक. पत्रात रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. शब्द केवढा गोड, आणि पत्रं केवढी तिखट! पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या आणि त्रैक्यावरून दोघींचा वाद पत्रांतून रंगला, तो १८८५ साली. कमी ऐकू येणाऱ्या बाईने सगळं कागदावर भांडून ठेवलं, हे आपलं भाग्य.

रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. देव एक आहे, येशू हा त्याने पाठवलेला ख्रिस्त आहे, हे मी मानते आणि याच विश्वासावर बाप्तिस्मा घेतला. पण तीन समान व्यक्ती मिळून एक देव, हे तुमच्या अथनासियन मतांगीकारात आहे. बायबलात मला दिसत नाही. दाखवा. बस्स, दाखवा.

कोण बोलत होतं हेही बघा. भागवत मुखोद्गत असलेली, संस्कृतात वाद करणारी, कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलेली बाई. तिच्याकडे शास्त्राचा आधार मागा, ती देईल. ती आधार मागते, तर तोही द्यायला हवा. आजीबाईंनी काय दिलं? उपदेश. तू हट्टी आहेस, तुझ्यात अभिमान आहे, चर्चवर विश्वास ठेव, तुला आम्ही एवढं केलं आणि तू हे काय फेडतेस. प्रश्न धर्मशास्त्राचा, उत्तर सासूचं! रमाबाईंनी परत लिहिलं त्याचा आशय असा की भारतातल्या भटजींचं जू मी आत्ताच कुठे मानेवरून उतरवलंय, आता तुमच्या पाद्र्यांचं चढवून घ्यायला मी मान पुढे करणार नाही. मला आज्ञा करायची तर देवाच्या शब्दाने करा. शिवाय चर्च, चर्च म्हणता ते कुठलं? इंग्लंडात पंथ किती, आणि प्रत्येकजण खरं माझंच म्हणतो.

अथनासियन मतांगीकार म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण आमच्या लोकांनी तो ऐकलेलाच नाही. त्याचा अथनासियसशी काही संबंध नाही. त्याच्या मरणानंतर बऱ्याच काळाने पश्चिमेकडे कुणीतरी लॅटिनमध्ये रचला. हे त्रैक्य जसंच्या तसं मानलं नाही तर कायमचा नाश, असा त्यात स्पष्ट दम आहे. इंग्लिश चर्चच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे तो वर्षातून तेरा दिवस म्हणायचा. आणि गंमत ऐका. रमाबाई तिथे पोचण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी खुद्द इंग्लंडात यावरून रण माजलं होतं. कँटरबरीचे आर्चबिशप टेट यांनाच तो दम भर उपासनेत म्हणवून घेणं नको होतं. तो काढला तर आम्ही पदं सोडू अशी धमकी ऑक्सफर्डच्या प्युझी आणि लिडन यांनी १८७२ साली दिली, म्हणून तो राहिला. अमेरिकेतल्या त्यांच्याच बहीण-चर्चने तर १७८९ सालीच तो पुस्तकातून काढून टाकला होता.

आता मला सांगा. आर्चबिशपाच्या गळ्याखाली उतरत नाही, अमेरिकन लोकांनी कधीच फेकून दिलाय, आणि तो घास पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या, परक्या देशात दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मराठी विधवेने मुकाट गिळावा? आर्चबिशपाला शंका आली तर समिती बसते. रमाबाईंना शंका आली तर तो अहंकार.

आणखी ऐका. योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात एक वचन होतं, स्वर्गात साक्ष देणारे तीन आणि ते तिघे एक, असं. त्रैक्यवाल्यांचं हुकमाचं पान. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही, म्हणून इरॅस्मसने ग्रीक नव्या कराराच्या १५१६च्या आवृत्तीत घेतलंच नव्हतं. आरडाओरडा झाला म्हणून १५२२ साली घातलं. १८८१ साली, म्हणजे रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या दोनच वर्षं आधी, इंग्लंडच्या विद्वानांनी नव्या कराराचं सुधारित भाषांतर काढलं, त्यात ते वचन गुपचूप गाळलं. त्या विद्वानांच्या कंपूत त्रैक्य न मानणारा व्हान्स स्मिथही होता. १८७० साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला प्रभुभोजन दिलं म्हणून केवढा गहजब झाला, पण काम मात्र त्याने केलंच. साहेबाने त्रैक्य नाकारलं तर तो विद्वान. बाईने पुरावा मागितला तर ती कृतघ्न.

चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचं नाव घेतलं पाहिजे. त्या एकट्या रमाबाईंशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या, वेळ द्या म्हणाल्या. बाकी दारवान जागे होतेच. रमाबाईंनी मुलग्यांना संस्कृत शिकवायचं ठरवलं, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची बेअब्रू होईल म्हणे! ज्या बाईने कलकत्त्यात भर पुरुषांच्या सभेत संस्कृतातून व्याख्यानं दिली, तिच्या अब्रूची चिंता बिशपांना. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमचं संस्कृत त्याहून कमी आहे का, हाही प्रश्न त्यांनी विचारला. त्या अंडंसुद्धा खात नसत, त्यातही मठाला जातीचा ताठा दिसला. (म्हणजे टरफल-पांढरं-पिवळं हा दृष्टान्तही त्यांच्यापुढे वायाच गेला असता.)

माझे हिंदू स्नेही एव्हाना खूश झाले असतील. ते मला नेहमी समजावतात, "अगं, तुमचा त्रैक्य म्हणजे आमचा दत्तच की." नाही हो. दत्ताला तीन मुखं आहेत आणि सासवडजवळ नारायणपूरला एकमुखी दत्तही आहे, पण एकमुखीवाल्यांनी तीनमुखीवाल्यांना हद्दपार केल्याचं ऐकिवात नाही. तुमच्याकडे मुखांवरून भांडण नाही, कारण तुमचं भांडण तोंडात काय गेलं त्यावरून. वाँटेजच्याच सिस्टरांचं पुण्यातलं ठाणं म्हणजे पंचहौद मिशन. तिथे १८९० साली चहा पुढे आला आणि टिळक-रानड्यांसारख्यांमागे ग्रामण्य लागलं, प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. एका बाजूला पुत्र कुठल्या सत्त्वाचा यावर माणूस बाहेर, दुसऱ्या बाजूला चहा कुणाच्या कपातला यावर. रमाबाई या दोन्ही दारांत उभ्या होत्या. पुण्याने त्यांना 'रेव्हरंडा' म्हटलं, वाँटेजने हट्टी.

पुढे काय झालं? प्रामाणिकपणे सांगायचं तर रमाबाईंची ती धार पुढे बोथट झाली. भारतात परतल्यावर १८९०च्या सुमारास त्यांना वेगळा अनुभव आला. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की मला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालाच नव्हता. केडगावात त्या कट्टर श्रद्धावान म्हणूनच जगल्या. आमचे उपदेशक नेमके इथे टाळ्या घेतात: बघा, शेवटी शंका गेली! अरे, गेली ती तुमच्या उत्तराने गेली का? वाँटेजच्या एकाही पत्राने गेली नाही. ती त्यांच्या गुडघ्यांवर गेली, त्यांच्या वेळेला. आणि मग त्या माणसांच्या मध्यस्थीवर विसंबल्याच नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल स्वतः मराठीत आणायला बसल्या. १८८५ साली 'दाखवा' म्हणणारी बाई शेवटपर्यंत मूळ पानच उघडून बघत राहिली. यात बदललं काय?

आता पत्रांचं. ती गोळा केली खुद्द जेराल्डीनबाईंनी, आपली बाजू खरी होती हे दिसावं म्हणून, टिपा घालून. अनेक वर्षं कागद तसेच पडले. छापून आणले १९७७ साली, संपादक अ. भि. शहा, म्हणजे धर्मनिरपेक्षतेचं व्रत घेतलेला विवेकवादी, आणि प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ. रमाबाईंचा ख्रिस्ती वाद जगापुढे आणायला एक नास्तिक आणि एक सरकारी खातं लागलं. मी आमच्या वाचनालयात ते पुस्तक मागितलं, तर तिथल्या भाऊंनी विचारलं, "भक्तिपर आहे का?" मी हो म्हटलं.

आणि इंग्लिश चर्चने? त्यांनी रमाबाईंना आपल्या पंचांगात घेतलंय. मेरी रमाबाई, बायबलच्या भाषांतरकार, स्मरणदिन ३० एप्रिल. पत्रांबद्दल त्या ओळीत अक्षर नाही. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या तेरा दिवसांत ३० एप्रिल सहसा येत नाही. ईस्टर २२ मार्चला पडला तरच त्या दिवशी स्वर्गारोहणाचा सण येतो, आणि मग नियमाप्रमाणे रमाबाईंच्या स्मरणदिनीच अथनासियन मतांगीकार म्हणावा लागेल. असा योग मागे १८१८ साली आला होता; पुढचा २२८५ साली आहे. तोवर बाईंना धोका नाही.